पटावरील कूटप्रश्नांचा अभ्यास

आपल्या शाळेत आठवड्यातून एक तास बुद्धिबळाचे व 'गो' या पौर्वात्य खेळाचे पट मांडावयास परवानगी मिळाली आहे, आणि ज्यांना मैदानी खेळांची फारशी हौस नाही अशा मुलांमुलींस ती मोठ्या आनंदाची वाटते, हे योग्यच आहे. परंतु त्या एका तासाचा विनियोग कसा करावा याविषयी पालक, विद्यार्थी व शिक्षक यांच्यात एकमत नाही. बहुतेकांचे म्हणणे असे की, मुलांनी समोरासमोर बसावे आणि डाव खेळावेत. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, तद्वत खेळल्यावाचून खेळ येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत याहून निराळे आहे. तासापैकी निदान अर्धा वेळ डाव बाजूस ठेवावा व मांडून दिलेले प्रश्न सोडविण्यात घालवावा, आणि तेही उत्तर न पाहता, असे आम्हांस वाटते.

हा वाद वरवर पाहता क्षुल्लक दिसेल. पण तसा तो नाही. खेळ नुकताच शिकलेला मुलगा पहिले पाचसहा महिने झपाट्याने पुढे जातो. चाली त्यास कळतात, दोनचार घातक चुका तो टाळू लागतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांस हरवितो. नंतर एकाएकी त्याची वाढ खुंटते. तो रोज खेळतो, रोज त्याच प्रकारे हरतो, आणि वर्षभराने पट माळ्यावर जातो. पट माळ्यावर गेला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. पुष्कळ चांगल्या वस्तू माळ्यावर जातात. दुःख याचे की, जाताना तो मुलगा 'आपणास तेवढी बुद्धीच नाही' असा निष्कर्ष मनाशी बांधून जातो. मग हाच निष्कर्ष भूमितीच्या तासास त्याच्या शेजारी येऊन बसतो, व्याकरणाच्या तासासही बसतो. बहुधा तो खोटा असतो. मुलाच्या बुद्धीत काही उणे नव्हते. उणे होते ते सरावाच्या रीतीत.

ते कसे, ते पाहू. एक डाव सावकाश खेळला तर तास जातो. त्या तासात खरोखर विचार करावयास लावणाऱ्या जागा दोन किंवा तीन येतात, आणि त्या नेमक्या कोणत्या होत्या हे नवशिक्यास डाव संपल्यावरही कळत नाही. तो हरला एवढेच त्यास ठाऊक असते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या भागात बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो धावू लागली. तिच्या डब्यात बसून हातातील मोबाईलवर तीन तीन मिनिटांचे डाव खेळणारी मुले कोणासही दिसतील. एका प्रवासात चारपाच डाव होतात. त्यांत बोटांस व्यायाम होतो हे खरे. पण मागच्या डावात जेथे ठेच लागली तेथेच पुढच्या डावातही लागते, कारण मध्ये थांबून दगड पाहावयास वेळच नसतो. गवई मैफलीत शिकत नाही. तो पहाटे उठून पलटे घोटतो. तालमीतला पहिलवान दिवसभर कुस्त्याच मारीत नाही. एकच डाव तो जोडीदाराबरोबर शंभर वेळा करून पाहतो. पटावरील खेळासच आपण या नियमातून का वगळावे, हे समजत नाही.

कूटप्रश्न म्हणजे काय हे सांगण्यास आम्ही बुद्धिबळाऐवजी 'गो'चा दाखला घेतो, कारण त्यात तो फार थोडक्या शब्दांत सांगता येतो. हा खेळ चीन देशात जन्मला. तेथे त्यास वेइची म्हणतात, कोरियात बादुक, जपानात इगो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस तो अपरिचित असेल, तथापि त्याची किल्ली आपल्या जवळच आहे. ओवे गावातील वा पनवेल तालुक्यातील कोणत्याही गावच्या वडीलधाऱ्या मंडळींस विचारा. त्यांनी लहानपणी ओट्यावर किंवा पडवीत कोळशाने रेघा ओढून वाघ-बकरीचा डाव मांडलेला असतो. त्या डावात सोंगट्या घरांत नव्हे, रेघा जेथे एकमेकींस छेदतात तेथे ठेवितात. बकऱ्या एकेक करून पटावर येतात. आणि वाघाच्या चोहोबाजूंच्या जागा भरून त्यास हालता येईनासे झाले की वाघ मेला. 'गो'चे तत्त्व याहून फारसे दूर नाही. पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेघा, म्हणजे ३६१ छेद. एकाच्या काळ्या सोंगट्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. काळा प्रथम खेळतो. ठेवलेली सोंगटी हालवावयाची नाही. एखाद्या सोंगटीस किंवा परस्परांस लागून असलेल्या सोंगट्यांच्या समूहास लगत एकही मोकळा छेद उरला नाही, की तो समूह उचलून न्यावयाचा. अखेर ज्याने अधिक जागा वेढली तो जिंकला.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. एखाद्या समूहाने आपल्या पोटात दोन निरनिराळी, एकमेकांस न जोडलेली रिकामी घरे राखिली, तर शत्रूस तो कधीच मारता येत नाही. कारण दोन्ही घरे एकाच चालीत भरता येत नाहीत, आणि एकेक भरावयास जावे तर भरणाऱ्याचीच सोंगटी श्वास कोंडून मरते. म्हणून 'हा समूह जगतो की मरतो?' हा 'गो'मधील मूलभूत प्रश्न होय.

आता कल्पना करा की, पांढऱ्या सोंगट्यांनी पूर्ण वेढलेला एक काळा समूह आहे आणि त्याच्या पोटात एका रांगेत तीन रिकामी घरे आहेत. काळ्याची पाळी असेल तर तो मधल्या घरात सोंगटी ठेवितो, दोहों बाजूंस एकेक घर उरते, समूह जगला. पांढऱ्याची पाळी असेल तर तोही मधल्याच घरात ठेवितो, आणि समूह मेला. दोघांसही हवे असते ते घर एकच! हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न: रांगेत तीनऐवजी चार घरे असतील तर? पांढरा मधल्या दोहोंपैकी एकात शिरला तर काळा दुसऱ्यात शिरतो. समूह जगतो, पाळी कोणाचीही असो. आणि तीच चार घरे रांगेत नसून चौरसात असतील तर? येथे बहुतेक मुले फसतात. चारच घरे आहेत, मघाशी चारांनी जगला, म्हणून आताही जगेल असे त्यांस वाटते. वस्तुतः तो मेलेला असतो. काळ्याने स्वतः प्रथम खेळून एक घर भरले तरी कोनाकार तीन घरे उरतात, आणि त्यांच्या कोनात पांढरा येऊन बसतो. घरांची संख्या तीच. आकार बदलला आणि प्राण गेला.

या तीन प्रश्नांस चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली पंधरा मिनिटे लागतात. हेच ज्ञान डाव खेळून मिळवावयाचे तर किती महिने लागतील याचा विचार पालकांनी करावा. त्यात एक गोष्ट अशी शिकली जाते की ती केवळ आकारांपुरती नाही. नवशिक्याचा विचार नेहमी असा चालतो: 'मी येथे ठेवीन, तो तेथे ठेवील, मग मी हे घेईन.' त्यातील 'तो' हा फार आज्ञाधारक असतो! आपणास हवे तेथेच तो खेळतो. प्रत्यक्ष डावात प्रतिपक्षी तसा वागत नाही, आणि मग मुलगा म्हणतो, 'माझी योजना चांगली होती, पण त्याने भलतेच केले.' कूटप्रश्नाचे उत्तर मात्र प्रतिपक्ष्याच्या उत्तमांत उत्तम प्रत्युत्तरापुढे टिकल्याखेरीज उत्तरच होत नाही. दुसऱ्याच्या जागी बसून, त्याच्या हिताची चाल प्रामाणिकपणे शोधावयाची, आणि तीही आपल्या विरुद्ध, ही शिस्त कूटप्रश्नाइतकी दुसरे काहीही लावीत नाही.

ही पद्धती परकीय आहे, आपल्याकडे खेळ म्हणजे मनोरंजन, अभ्यास नव्हे, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासास धरून होणार नाही. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात काशीक्षेत्री 'भगवंतभास्कर' नामक विस्तृत ग्रंथ रचिला. धर्म, आचार, राजनीती यांच्या त्या ग्रंथात बुद्धिबळासही स्थान मिळाले आहे, आणि पटाच्या चौसष्टही घरांतून घोडा एकेकदाच कसा फिरवावा, हे कूट त्यांनी उलगडून दाखविले आहे. घोड्याची ही फेरी डावात कधीही उपयोगी पडत नाही. पण जो मुलगा ती कागदावर पुरी करील त्याची नजर घोड्याच्या वाकड्या उडीस कायमची सरावते. आम्ही तर नवशिक्यास हा पहिला धडा म्हणून देऊ.

याहूनही जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. पेशवाई अद्याप शिल्लक होती त्या काळी, इ. स. १८१४ मध्ये, मुंबईच्या कूरियर छापखान्यात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. ते त्यांच्याच संस्कृत ग्रंथावरून केलेले होते. त्यात प्रारंभीच्या चालींचे पाल्हाळ नाही. मुख्यतः मांडून दिलेल्या अवघड स्थितीच आहेत, आणि शिकणाऱ्याची सुधारणा व्हावी व स्मरणशक्तीस व्यायाम घडावा हा आपला हेतू ग्रंथकाराने मुखपृष्ठावरच नमूद केला आहे. आपल्या जुन्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची गणली जात असे. प्यादेमातीचा हा हव्यास आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बसत नाही, हे उघड आहे. पण त्याचा शैक्षणिक गुण मोठा: वजिराने सहज होणारी मात टाळून दुबळ्या प्याद्याकरवीच ती घडवून आणावयाची तर राजाचे प्रत्येक घर मोजावे लागते, आणि घाई उपयोगाची नसते. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या प्रांतात सरावाच्या प्रश्नांचे पुस्तक काढावेसे एका शास्त्र्यास वाटले, आणि आज आपल्या शाळेत तो तास 'फुकट' वाटतो, हे चमत्कारिक नव्हे काय?

त्यानंतर तीसएक वर्षांनी घडलेली एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४५ साली लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या मासिकात दिल्लीहून आलेले एक कूट प्रसिद्ध झाले. पाठविणाऱ्याने आपले नाव न देता खाली 'शागिर्द' एवढीच सही केली होती. चार चालींत मात करावयाची होती, आणि तिने तिकडच्या भल्याभल्यांस घाम फोडला. अडचण अशी की पांढऱ्याने सरळ पुढे चाल केली, तर काळ्या राजास शह नसता चालावयास जागाच उरत नाही व डाव बरोबरीत सुटतो. खरे उत्तर उलट दिशेचे होते. उंट मागे, थेट शेवटच्या रांगेत घ्यावयाचा. मग आपल्याच उंटाच्या वाटेत आपलाच हत्ती उभा करावयाचा. त्यामुळे मोकळा झालेला काळा राजा एक पाऊल पुढे येतो. आणि हत्ती बाजूस सरताच उंटाची वाट उघडून मात होते. बुद्धिबळाच्या कूटांच्या इतिहासात 'इंडियन प्रॉब्लेम' या नावाने हे प्रसिद्ध आहे. कर्ता हिंदी मनुष्य नव्हता. दिल्ली येथील पाद्री हेन्री ऑगस्टस लव्हडे हे होते. १८४८ साली ते वारले. आपल्या कीर्तीचा उपभोग त्यांस फारसा लाभला नाही. पाद्रीसाहेबांनी स्वतःस उस्ताद न म्हणविता शागिर्द म्हणविले, हे आम्हांस त्या कूटाइतकेच आवडते.

पण हे कूट आम्ही नवशिक्यापुढे ठेवणार नाही. येथे पुष्कळ हौशी शिक्षकांची गफलत होते. रचलेले कूट व सरावाचा प्रश्न या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिले कलाकृती आहे. ते पाहून थक्क व्हावे. दुसरा व्यायाम आहे. तो रोज करावा, आणि तो डावात वारंवार येणाऱ्या स्थितीवरच बेतलेला असावा. याचे कारण मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. हॉलंडातील डे ग्रोट यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात व अमेरिकेतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली केलेल्या प्रयोगांत खेळाडूंस पटावरील स्थिती काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडावयास सांगितली. स्थिती खऱ्या डावातील असली तर निष्णात खेळाडू ती बहुतांशी बिनचूक मांडी, नवशिक्यास थोडकीच मोहरी आठवत. परंतु चेस व सायमन यांनी मोहरी कशीही विस्कटून ठेविली तेव्हा निष्णाताची ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. परिचित आकारांचा त्याचा साठा मोठा होता, इतकेच. हा साठा कोणासही करता येतो. तो चमत्कृतींनी होत नाही, साध्या आकारांच्या पुनरावृत्तीने होतो.

म्हणून प्रश्न सोपे असावेत, असा आमचा आग्रह आहे. मुलास दहांपैकी सातआठ प्रश्न स्वतःच्या बळावर सुटावेत इतके सोपे. अवघड प्रश्नांचे पुस्तक घेऊन प्रत्येकाचे उत्तर शेवटच्या पानावर पाहणारा विद्यार्थी महिनाभरात पुस्तक 'संपवितो' खरा. पण त्याने पुस्तक वाचले, प्रश्न सोडविले नाहीत. आणि एकदा सोडविलेली पन्नास उदाहरणे महिन्याने पुन्हा सोडवावीत. मुले यास कंटाळतात. 'हे तर झाले आहे, सर!' झाले आहे खरे, पण पहिल्या खेपेस पाच मिनिटे लागली होती, आता पाच क्षण लागतात काय? डावात घड्याळ चालू असते.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आमच्या मते वजनदार आहे. प्रश्नाखाली 'पांढऱ्याने खेळून काळ्यास मारावे' असे लिहिलेले असते. तेथे काहीतरी गुपित आहे हे विद्यार्थ्यास आधीच ठाऊक असते, म्हणून तो शोधतो. प्रत्यक्ष डावात मात 'आता थांब, येथे प्रश्न आहे' असे खांद्यावर हात ठेवून सांगणारा कोणी नसतो. त्यामुळे प्रश्न फडाफड सोडविणारी, परंतु डावात तीच संधी समोर असता तिच्याकडे न पाहता पुढे जाणारी मुले आढळतात. अशा मुलांचे पालक 'प्रश्न सोडवून काय मिळाले?' असे विचारतात, ते अगदीच गैर नाही. पण याचा प्रतिकार प्रश्न सोडून देणे हा नव्हे. दिलेल्या दहा स्थितींत दोन अशा मिसळाव्यात की ज्यांत काहीच गुपित नाही, आणि समूह आधीच सुरक्षित असल्याने उत्तर 'येथे खेळण्याची गरज नाही, अन्यत्र खेळावे' हेच आहे. 'गो'मध्ये या उत्तराची किंमत फार मोठी आहे, कारण अनावश्यक ठिकाणी खेळलेली चाल म्हणजे प्रतिपक्ष्यास दिलेली देणगी. दुसरे असे की, मुलाने स्वतःच्या हरलेल्या डावातील वळणाची स्थिती वहीत टिपून ठेवावी व आठवड्याने तीच प्रश्न म्हणून आपल्या मित्रापुढे मांडावी. त्या प्रश्नास पुस्तकाचा वास येत नाही.

आता उत्तर पाहण्याविषयी. 'गो'मध्ये यंत्र मनुष्यास हरविणार नाही अशी पुष्कळांची समजूत होती. मार्च २०१६ मध्ये सेऊल येथे 'अल्फागो' नामक संगणक कार्यक्रमाने कोरियाच्या ली सेडॉल या थोर खेळाडूस पाचांपैकी चार डावांत हरविले तेव्हा ती मावळली. बुद्धिबळात तर हे यापूर्वीच घडले होते. आज त्या जातीचे कार्यक्रम कोणाच्याही मोबाईलवर चालतात, आणि उत्तम चाल कोणती हे अर्ध्या क्षणात सांगतात. डाव संपल्यावर चुका तपासण्यास हे उत्कृष्ट साधन आहे. आम्ही त्याचे वैरी नव्हे. परंतु प्रश्न समोर असता बोट तिकडे वळले की प्रश्न फुकट गेला. दहावीच्या परीक्षेसाठी गाइडातील उदाहरणे वाचून 'समजली' असे म्हणणारा व कोऱ्या कागदावर पहिली ओळही न लिहू शकणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. समजणे निराळे आणि सुचणे निराळे. ज्याचे उत्तर एकदा पाहिले तो प्रश्न काही काळ तरी त्या मुलापुरता मेला. तो पुन्हा प्रथमच भेटणे शक्य नाही.

याबाबतीत डी. गुकेश याचे उदाहरण पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे अवघ्या अठराव्या वर्षी तो बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्याचे शिक्षक विष्णु प्रसन्न यांनी त्यास पुष्कळ वर्षे संगणकाच्या साहाय्यावाचून अभ्यास करावयास लाविले होते, हे जगजाहीर आहे. ज्या काळात लहानसहान मुलेही यंत्रावाचून पान हालवीत नव्हती, त्या काळात हे धाडसच म्हटले पाहिजे. त्याच्या पूर्वीचे आपले जगज्जेते विश्वनाथन आनंद यांच्या बालपणीची हकिकत तर कोणत्याही घरात घडण्यासारखी आहे. त्यांचे कुटुंब काही काळ फिलिपाइन्समधील मनिला येथे होते. तेथील दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे व अखेरीस प्रेक्षकांस एक कूट देत. त्या वेळी मुलगा शाळेत असे. म्हणून आई ते कूट कागदावर उतरवून ठेवी, आणि तो घरी आल्यावर दोघे मिळून ते सोडवून उत्तर पाठवीत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. अखेर बक्षिसे इतकी झाली की, हवी तितकी पुस्तके घेऊन जा, पण आता उत्तरे पाठवू नका, असे त्या मंडळींनी सांगितले! येथे शिकवणी वर्गाची फी नव्हती. आईने उतरवून ठेविलेला कागद होता, आणि उत्तर सांगावयास कोणी नव्हते.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. आपल्या भागात मुलींस बुद्धिबळाच्या वर्गात घालावयाचे मनात असलेल्या घरांस यावरून हुरूप यावा, आणि तो यावाच. पण सर्वांच्याच खिशास हे वर्ग परवडत नाहीत. आणि ज्यांस परवडतात त्यांनीही स्पर्धेमागून स्पर्धा व रेटिंगचा आकडा यांच्या मागे लागून मुलांची सुट्टी खर्ची घालावी, हे आम्हांस पसंत नाही. कूटप्रश्नास काय लागते? रेघा ओढलेला कागद. 'गो'च्या सरावास १९ रेघांचा पटही नको. ९ रेघांचा पुरतो. एका बाजूस चिंचोके घ्यावेत, दुसऱ्या बाजूस वालाचे दाणे. पनवेल तालुक्यात वालास काय तोटा? समोर प्रतिपक्षी नसला तरी चालते, वीज गेली तरी चालते.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे आमची मागणी एवढीच आहे. आठवड्याच्या त्या तासातील पहिला अर्धा भाग प्रश्नांकरिता राखून ठेवावा. त्या वेळात मोबाईल टेबलावर जमा व्हावेत. फळ्यावर सहा स्थिती काढाव्यात. प्रत्येकाने आपली पहिली चाल, प्रतिपक्ष्याचे सर्वांत त्रासदायक प्रत्युत्तर व त्यावरील आपला तोडगा, असे तिन्ही वहीत लिहिल्याखेरीज सोंगटीस हात लावू नये. उत्तर कोणी ओरडून सांगू नये. हे सर्वांत कठीण जाईल, कारण ज्यास सुचते त्यास दम निघत नाही. उरलेल्या अर्ध्या भागात मुलांनी मनसोक्त खेळावे, हसावे, हरावे. एक सत्रभर हे करून पाहावे व नंतर मुलांच्याच वह्या उघडून निर्णय घ्यावा. जपानातील इनोउए घराण्याच्या प्रमुखाने १७१३ साली 'गो'च्या अत्यंत बिकट प्रश्नांचा संग्रह तयार केला व तो घराण्याबाहेर दाखविला जात नसे. आमचे प्रश्न तितके भारी नाहीत, सर्वांस खुले आहेत.

सुरुवात येथेच करू. पांढऱ्यांनी पूर्ण वेढलेल्या काळ्या समूहाच्या पोटात पाच रिकामी घरे आहेत. एकदा ती एका सरळ रांगेत आहेत असे समजा. दुसऱ्या खेपेस तीच पाच घरे बेरजेच्या चिन्हाच्या आकारात आहेत, मध्ये एक व चार दिशांस एकेक. दोन्ही आकारांत काळा प्रथम खेळला तर काय होईल, आणि पांढरा प्रथम खेळला तर काय, अशी एकूण चार उत्तरे काढावयाची आहेत. चिंचोके व वाल घेऊन बसण्यापूर्वी डोळे मिटून प्रयत्न करावा. उत्तरे या अंकात कोठेही छापू नयेत, अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे व ती त्यांनी मान्य केली आहे. वह्या मात्र पुढील आठवड्यात खेळाच्या तासास घेऊन याव्यात.